पटवण्याचं कसब

दिगंबर शेटे यांच्या बार्शीतल्या छोट्या विमा एजन्सीत प्रणिता नव्याने लागली, तेव्हा ग्राहकाच्या दारात तिला तोंड उघडता येत नसे. शेटेंना गुडघ्यांमुळे जिने चढवत नव्हते. म्हणून त्यांनी सोलापूरच्या कौशल्य-हस्तांतरण केंद्रात जाऊन माणसाला पटवण्याचं आपलं कसब तिच्या मेंदूत उतरवून दिलं. असं कसब एका वेळी एकाकडेच राहतं. देणाऱ्याकडे उरत नाही.

सहा महिन्यांत पुण्याच्या मोठ्या कंपनीने प्रणिताला बोलावलं. ती गेली, तर एजन्सी बंद करावी लागणार होती.

"जाऊ नकोस," शेटे म्हणाले. पुढचं त्यांना सुचेना. "म्हणजे... बघ बाई."

प्रणिताने खुर्ची जवळ ओढली, घोटभर पाणी मागून घेतलं.

"काका, अजून किती वर्षं खस्ता खाणार? काकू केव्हाच्या म्हणतायत, लेकीकडे नाशिकला जाऊन राहू. त्यांचं कधी ऐकलंत?"

शेटेंना ते मनापासून पटलं. त्यांनी स्वतःच्या हाताने एजन्सीची पाटी उतरवली, प्रणिताला स्टँडवर सोडलं आणि घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.

"अहो," ती म्हणाली, "नाशिकला जायचं मी कधी म्हटलं?"