दूधपोळीवरची मांजरं

“तुमच्या शाकाहारी नियमानं हे मांजर आंधळं केलं!” सोसायटीच्या चेअरमनसमोर वैजयंतीनं टेबलावर हात आपटला. शेजारी तिची मैत्रीण निर्मला मांजराला छातीशी धरून उभी होती. जाळ्या लावलेल्या फ्लॅटमध्ये निर्मलाची दोन मांजरं तीन वर्षं नुसत्या दूधपोळीवर वाढली होती. मांसाशिवाय मांजराची नजर जाऊ शकते, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं.

“बाई, नियम माणसांच्या स्वयंपाकाला आहे,” चेअरमन म्हणाले. “दुसऱ्या मजल्यावरचं मांजर रोज मासे खातं. मांजरांसाठी खुशाल आणा, असं मी या निर्मलाबाईंना स्वतः सांगितलं होतं.”

वैजयंतीनं निर्मलाकडे पाहिलं.

“अगं, घरात देव आहेत, विटाळ नको म्हणून...” निर्मला पुटपुटली. “पण लेकरासारखं सांभाळलंय गं.”

“देवाला मासा चालत नाही आणि आंधळं लेकरू चालतं होय?”

निर्मला रडायला लागली. पंचवीस वर्षांची मैत्री. वैजयंतीला ती तोडवेना आणि गप्पही बसवेना. वरच्या फ्लॅटमध्ये दुसरं मांजर कोंडलेलं होतं. त्याला अजून दिसत होतं.

“डोळे पूस, निर्मले. त्या दुसऱ्याला आजपासून मासा घालतेस, की मी घेऊन जाऊ? आत्ता बोल.”