जरूर भेट द्या

"मुक्ता तर मघाशीच गेली. तिचे बाबा आले होते न्यायला," बाई फळा पुसता पुसता म्हणाल्या. "जरा रडली, पण मुलं लाडात येतातच."

मुक्ताची आई दाराची चौकट धरून खाली बसली. "त्याच्या माराला भिऊन पोरीला घेऊन इतक्या लांब पळून आले, बाई. आम्ही कुठं हाय ते त्याला कुणी सांगितलं?"

बाईंच्या हातातलं डस्टर थांबलं. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांच्याच वळणदार अक्षरात शाळेचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं सगळं लिहिलेलं होतं. आपलं काम साहेबांच्या नजरेत यावं म्हणून शाळेच्या फेसबुक पेजवर टाकायच्या प्रत्येक व्हिडिओत तो कोपरा त्या आवर्जून घेत. मुक्ताच्या पाढ्यांचा व्हिडिओ तर हजारोंनी पाहिला होता.

त्यांनी मोबाईल उघडला. कौतुकाच्या कमेंट्समध्ये एक होती, 'मुलगी फारच हुशार आहे. शाळा किती वाजता सुटते?'

खाली बाईंचं उत्तर होतं. सगळ्यांना देत तसंच, हात जोडून.

'पाच वाजता. शाळेला जरूर भेट द्या.'