चौदाव्या मजल्यावरची केबिन

पहाटे पाच वाजता सिऊ हूननं पहिली खुर्ची ओढली. पाय पसरून पडायची, लोखंडी पायांची, उचलायला दोन माणसं लागावीत अशी खुर्ची. तिनं ती बोटीवरच्या पोहायच्या तलावाच्या कडेकडेनं, फळ्यांवरून, सावकाश खर्रर्र करत नेली. थांबून कानोसा घेतला. मग तितक्याच सावकाश परत आणली.

त्या जागेच्या बरोबर खाली, चौदाव्या मजल्यावर, तिची नणंद ग्योक लान झोपली होती. पलंग नेमका कुठे येतो ते सिऊ हूननं जिन्यापासून पावलं मोजून काढलं होतं. बत्तीस.

या बत्तीस पावलांमागे चार वर्षांचा अभ्यास होता. चार वर्षांपूर्वी, लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून, ती आणि नवरा बून केंग याच बोटीनं सिंगापूरहून पेनांग-फुकेतला गेले होते. जन्मातली पहिली बोट. केबिन कुठली घ्यावी ते वन्संनी सांगितलं, "तलावाखालचीच घे गं. एक जिना चढलं की झालं." तिनं ऐकलं. आणि चारही दिवस पहाटे पाचला डोक्यावरून खुर्च्यांची मिरवणूक निघाली. सिंगापूरचा माणूस रजेवर गेला तरी जागा धरायचं सोडत नाही. उजाडायच्या आत चांगली खुर्ची गाठायची, तिच्यावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं आणि निर्धास्त न्याहारीला जायचं. पाकीट ठेवलेल्या खुर्चीवर सख्खी सासूसुद्धा बसत नाही.

बून केंग तर पाचला दहा कमी असतानाच उठून बसायचा. "आता सुरू करतील बघ. वर जाऊन झापतोच एकेकाला," म्हणायचा आणि गुडघे चोळत जायचा. तो वर पोचला की आवाज उलट वाढायचा. तासाभरानं घामाघूम होऊन खाली यायचा. त्या झापण्याचा फायदा एवढाच, की न्याहारीनंतर कठड्याजवळची, सावलीतली खुर्ची तिला रोज मिळायची. "घाबरून सोडली लेकाच्यांनी," तो सांगायचा.

शेवटच्या रात्री, कप्तानाबरोबरच्या जेवणात, सुपाचा चमचा तोंडाशी धरूनच त्याचा डोळा लागला. फोटोवाल्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं. पाच महिन्यांनी बून केंग गेला. दोघांचा शेवटचा फोटो तोच. त्यात ती एकटीच जागी आहे.

सिऊ हून वन्संना एका शब्दानं बोलली नाही. ती बोटींचा अभ्यास करायला बसली. वर्षभरात तोआ पायो वस्तीतली तिची अख्खी इमारत तिला विचारून बोट ठरवू लागली. केबिन खालच्या मजल्यावर मधोमध घ्या, हेलकावे कमी लागतात. डोक्यावर आणि पायाखाली केबिनच असाव्यात, स्वयंपाकघर नको, नाचघर नको. पोहायचे कपडे आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगा संध्याकाळपर्यंत दारात येत नाहीत. शाळा चालू असताना जा. लोक दुवा देत.

आणि या वर्षी ग्योक लान स्वतःच्या पायांनी चालत आली. "अगं, मलाही ने की एकदा. केबिन तूच बघ, तुझ्याइतकं कुणाला कळतंय?"

सिऊ हूननं अगदी मायेनं बघितली. स्वतःला पाचवा मजला, मधोमध. वन्संना चौदावा.

पहिल्या सकाळी ती मुद्दाम समोरची जागा धरून वन्संचे सुजलेले डोळे बघायला बसली. ग्योक लान टवटवीत आली. तीन वाट्या पेज प्याली. "काय झोप लागली गं, मेल्यासारखी."

शाळा चालू होत्या. बोट अर्धी रिकामी, खुर्च्या हव्या तेवढ्या. पहाटे उठायची कुणाला गरजच नव्हती. आपलाच सल्ला असा आपल्याच मुळावर आल्यावर सिऊ हूननं ओळखलं, की काही कामं माणसानं स्वतःच्या हातानं करायची असतात.

म्हणून दुसऱ्या दिवशीची ही पहाट. सहावी खुर्ची अर्ध्या वाटेत असताना जिन्यात चपला वाजल्या. ग्योक लान झोपायच्या कपड्यांतच वर आली होती, गळ्यात केबिनचं कार्ड, केस पिंजारलेले.

"झोप मोडली का, वन्सं?" सिऊ हूननं जिभेवर साखर घोळवत विचारलं. "आम्ही चार दिवस हेच सोसलं हो. तुमच्या सल्ल्यानं."

"माझा कुठला आलाय सल्ला?" ग्योक लान त्याच खुर्चीवर टेकली. "बून केंगनं पढवून ठेवलं होतं मला. म्हणाला, 'ताई, तू सांग, माझं ती ऐकायची नाही. हिला कठड्याजवळची सावलीतली खुर्ची हवी, आणि माझे गुडघे हे असे. पहाटे एकच जिना चढावा लागला तर जमवतो.' तुला कळू देऊ नको म्हणाला. गुडघ्यांवरून ओरडशील म्हणून." ती हसली. "उचलवायची कुठली त्याला? ओढायचा, त्यानंच सांगितलं नंतर. आत्ता खाली आवाज ऐकला ना, क्षणभर वाटलं, आलाच हा."

सिऊ हूनचा हात खुर्चीच्या दांड्यावरच राहिला. पूर्वेला थोडं फटफटलं.

"तुमच्या केबिनचं कार्ड द्या," सिऊ हून म्हणाली. "माझी पाचव्या मजल्यावरची घ्या तुम्ही. शांत आहे."

ग्योक लाननं काही न विचारता गळ्यातलं कार्ड काढून दिलं. सिऊ हून जिन्यापर्यंत गेली आणि वळली.

"आणि वन्सं, उद्या पहाटे पाचला वर या. खुर्ची उचलायला जाऊ नका. ओढा."