छताजवळून थेट समालोचन

समालोचकाची कवटी उघडी होती आणि तोंड चालू होतं. दोन्ही गोष्टी ठरल्याप्रमाणेच होत्या.

"बोलत राहा," त्याच्या डोक्यामागून सर्जनबाई म्हणाल्या.

"हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी सांगतंय. घरी उलट सांगतात."

मेंदूला स्वतःला दुखत नाही. अख्ख्या शरीराच्या तक्रारी ऐकणाऱ्या त्या कार्यालयात स्वतःची तक्रार नोंदवायची सोय नाही. म्हणून समालोचक जागा होता, आणि समोर स्टुलावर वाचातज्ज्ञ चित्रांची गड्डी घेऊन बसली होती.

भानगड अशी होती की, रेडिओवर फुटबॉलचा सामना सांगता सांगता हा माणूस मध्येच छताला जाऊन चिकटायचा आणि खाली खुर्चीत बसलेल्या स्वतःकडे बघत राहायचा. त्याच वेळी खालच्याची वाचा बसायची. त्याच्या मेहुण्यांच्या मते हा आत्म्याचा प्रवास होता आणि तो नशीबवानालाच घडतो. मेहुणे स्वतः अजून कुठे गेले नव्हते. सर्जनबाईंच्या मते ही फिट होती. वर नेणारी जागा आणि बोलायची जागा मेंदूत शेजारी शेजारी असतील, तर पहिली काढता येणार होती. दोघी एकाच खोलीत राहत असतील, तर डोकं बंद करून घरी. समालोचक डावखुरा होता, आणि डावखुऱ्यांच्या मेंदूत कोण कुठे बिऱ्हाड करेल याचा भरवसा नसतो.

"हे काय आहे, काका?"

"छत्री."

"हे?"

"शिडी. आणि काका म्हणू नकोस. अर्धं डोकं भादरलं म्हणून वय वाढत नाही."

सर्जनबाईंनी विजेची बारीक कांडी टेकवली.

"आणि हे?"

"हा… हा…" चित्रात घोडा होता. कांडी उचलली गेली. "घोडा! अहो, ओठांपर्यंत येऊन उभा होता मेला!"

"इथे बोलणं राहतं," सर्जनबाई म्हणाल्या आणि त्या जागी कागदाचा चिमुकला तुकडा ठेवला. "इथे हात लावायचा नाही."

कांडी मागे सरकली, कानाच्या वर.

"आता दिला करंट."

"काही नाही."

"नक्की?"

"मॅडम, तुम्ही फेकताय."

फेकतच होत्या. डॉक्टरांचं मन राखायला रुग्ण काहीही सांगतात, म्हणून आधी खोटा करंट द्यायची पद्धत आहे. मग त्यांनी काही न बोलता खरा दिला.

समालोचक गप्प झाला. वाचातज्ज्ञेचा चित्र उलटायला उचललेला हात तसाच राहिला. भूलतज्ज्ञाने खुर्ची पुढे ओढली.

"नमस्कार, श्रोतेहो," समालोचक खर्जात म्हणाला. "मी छताजवळून बोलतोय. खाली टेबलावर एक गृहस्थ आडवे आहेत. पोटाचा घेर बघता तो मीच असणार. सर्जनबाईंची डावीकडून आगेकूच… आणि बाईंना टाळूवर टक्कल पडलंय, श्रोतेहो!"

कांडी उचलली.

"आलो," तो म्हणाला. "धाडकन."

"मी टोपी घातलीय," सर्जनबाई म्हणाल्या. "आणि टोपीखाली भरपूर केस आहेत."

"म्हणजे काका वरून बघत नव्हते?" वाचातज्ज्ञेने विचारलं.

"बघत नव्हते, रचत होते. डोळे, कानातला तोल, अंगाचा स्पर्श, सगळ्यांचे जबाब या जागी जुळवले जातात. आम्ही करंट दिला की ते जुळत नाहीत. मग मेंदू माणसाला वर नेऊन ठेवतो आणि जे दिसत नाही ते छातीठोकपणे सांगतो."

"आमच्या धंद्यात त्याला अनुभव म्हणतात," समालोचक म्हणाला. "आणि ते मरता मरता परत आलेले? तेही छतावरूनच बघून येतात म्हणे."

"त्यांच्या मेंदूला रक्त कमी पडतं. तिथेही असाच घोटाळा होत असावा, असा आमचा अंदाज आहे."

"अंदाज? मग तुम्हीही आमच्याच धंद्यातल्या."

सर्जनबाईंनी उत्तर म्हणून पुन्हा कांडी टेकवली. सवयीचं समालोचन आपोआपही निघतं; वर असताना चित्रांची नावं सांगता आली, तरच बोलणं शाबूत.

"गेलो!"

ऑपरेशनच्या टेबलावर हा शब्द कोणी उच्चारू नये. भूलतज्ज्ञाने दचकून मॉनिटरच्या पडद्याकडे पाहिलं. हृदय मजेत चाललं होतं.

"कुठे आहात, काका?" वाचातज्ज्ञेने घाईने पुढचं चित्र धरलं. "वरच का? हे काय आहे?"

"वरच. चमचा!"

"हे?"

"कुलूप! पुढचं दाखव!"

"वर आहेत आणि बोलतायत," सर्जनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका चढला की दारापाशी उभी असलेली नर्स आत आली. "बोलतायत! दोघी वेगळ्या खोल्यांत आहेत!"

वाचातज्ज्ञेने टाळ्या वाजवल्या. गड्डी जमिनीवर सांडली, कोणी उचलली नाही.

मग कापाकापी झाली. ती नाजूक होती आणि बराच वेळ चालली. तेवढ्या वेळात समालोचकाने न झालेला एक अख्खा सामना जादा वेळेसकट सांगून संपवला. शेवटी सर्जनबाईंनी उरलेल्या कडेवर पुन्हा कांडी टेकवली.

"आता?"

"काही नाही."

"या वेळी फेकत नाहीये मी. करंट खरा आहे. वर नाही गेलात?"

"नाही हो. खालीच आहे. आणि इथून काही म्हणजे काही दिसत नाही. नाकासमोर नुसतं हिरवं कापड."

सर्जनबाईंनी कांडी ट्रेमध्ये ठेवली. "झालं. आता तुम्ही गप्प बसलात तरी चालेल."

समालोचकाने छाती भरून श्वास घेतला.

"श्रोतेहो, आपल्यासमोर आहे हिरवं कापड! डाव्या कोपऱ्यात एक सुरकुती… हलतेय का? हलतेय… हलली! काय हललीय, श्रोतेहो!"

सुरकुती त्याच्याच श्वासाने हलत होती.