नालाचे खिळे

लाकडाचे व्यापारी रहमतभाईंनी कोयत्यानं सागाची साल तासली. आत काळा डाग निघाला आणि डागाच्या मधोमध नालाच्या खिळ्याचं डोकं.

"हे नववं झाड," ते म्हणाले. "बाबूसिंगभाऊ, हा माल मले नको. आरा मशीनचं पातं तुटून माह्या माणसाच्या छातीत घुसलं त?"

बाबूसिंगचा चेहरा उतरला. महागावजवळचं हे चार एकर सागाचं रान त्याच्या आजानं राखलं, बापानं राखलं. वणवा विझवताना बापाची बोटं जळाली होती. आता मुलगा सुनील सगळं रान तोडून तिथं ढाबा टाकणार होता. तोडीची परवानगीही हातात होती.

"कोणं ठोकले हे?" सुनील ओरडला.

"एका दिवसाचं काम नाही," रहमतभाई म्हणाले. "काही तुह्या आजाच्या वेळचे दिसते, काही चार-दोन वर्षांतले. पण सगळे कमरेएवढ्या उंचीवर."

"नेमसिंगचा बाप ठेंगणाच होता!" बाबूसिंगनं दात खाल्ले. शेजारच्या नेमसिंगशी धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद जुनाच. "बाप गेला, आता पोरगा ठोकून राह्यला."

म्हणजे दुश्मनीही वारशानं चालते! भांडण माणसाशी आहे ना, मग माणसाशी भांडा. मुक्या झाडात लोखंड घालायचं, ही कुठली मर्दुमकी?

बाबूसिंगची बायको जमनी तर पेटलीच. "हात झडो मेल्याचे!" तिचा आवाज तांडाभर गेला. "ठाण्यात जा, आत्ताच्या आत्ता जा!"

नवी सून रंजिता सासूजवळ सरकली. "याडी, म्हणजे आता रान तुटत नाही ना?" तिनं हळूच विचारलं.

"तोंड बंद ठेव," जमनीनं डोळे वटारले.

रहमतभाई हात झटकून निघून गेले. बाप-लेक मोटरसायकलवर ठाण्याकडे निघाले. धुरळा बसेपर्यंत जमनी रस्त्याकडे पाहत राहिली. मग सुनेचा हात धरून तिला रानाच्या मागच्या अंगाला घेऊन गेली. तिथं जुन्या खुंटांना फुटलेले साग मांडीएवढे जाड झाले होते.

जमनीनं पदराखालून हातोडी काढली, बटव्यातून मूठभर खिळे काढले आणि रंजिताच्या हातात ठेवले.

"ही हातोडी माह्या सासूनं दिली तवा मी तुह्याएवढीच होती," ती म्हणाली. "हे नवे साग तुह्या वाट्याचे."