सी बॉक्स

"अगं, हा बॉक्स परत ने. सुजलेल्या आतड्यांच्या स्लाइड्स मागवल्या, तर निरोगी उंदरांच्या पाठवल्यास!" पॅथॉलॉजिस्ट टिपणीसबाई फोनवर कडाडल्या.

सुमेधा चमकली. लेबलं तिने स्वतः चिकटवली होती. आतड्यांना सूज आणणारं एन्झाइम रोखणाऱ्या औषधावर ती सहा वर्षं काम करत होती. सेहेचाळीस संयुगं वाया गेली होती. सत्तेचाळिसावं चाललं नाही तर प्रकल्प बंद, असं संचालकांनी बजावलं होतं.

कुठल्या उंदरांना औषध दिलं, हे तपासणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. म्हणून बॉक्सवर फक्त अक्षर होतं. अर्थ सुमेधाच्या वहीत.

"कुठला बॉक्स, मॅडम?"

"सी."

तिने वही उघडली. सी म्हणजे आजारी पाडलेले उंदीर, आणि त्यांना दिलेलं संयुग सत्तेचाळीस. तिने ती ओळ पुन्हा वाचली, मग आवाज शक्य तितका सपाट ठेवला.

"मॅडम, बॉक्स बरोबर आहे."

"मला शिकवू नकोस. तीस वर्षं आतडी बघतेय मी. हे उंदीर कधी आजारी पडलेच नव्हते!"

"मग रिपोर्टमध्ये अगदी हेच लिहा," सुमेधा म्हणाली, "आणि खाली सही करा."