व्हेरिली

आखातातल्या फुजैराच्या तेल टर्मिनलच्या ऑफिसात एसी चालू होता, तरी यूनुसच्या पाठीवरून घाम उतरत होता. सकाळी जेटीवर तेल सांडलं होतं आणि व्हॉल्व्हवर तोच होता. रात्रीच्या विमानानं त्याला कायमचा गावी धाडायचं, असं सुपरवायझर शैलेंद्रनं ठरवून टाकलं होतं.

"मी व्हॉल्व्हचं चाक पुरतं आवळलं, साहेब. 'खलास' म्हणून ओरडलो पण."

"तू जेवण संपलं तरी खलासच म्हणतोस."

पाहणारं माणूस एकच होतं, टायपिस्ट मृणालिनी. तिच्या खिडकीतून जेटी दिसायची. ती आत येताना शैलेंद्र हळूच म्हणाला, "मॅडम, नुसतं 'आय थिंक' म्हणा. पुढचं मी बघतो. तुमचाही व्हिसा कंपनीचाच आहे."

चौकशीला बंदराचा म्हातारा गोरा कॅप्टन बसला होता. यूनुसनं व्हॉल्व्ह बंद केला होता का, एवढंच त्यानं विचारलं.

"व्हेरिली, सर," मृणालिनी म्हणाली.

शैलेंद्र फसकन हसला. "हिचे वडील कोर्टात कारकून होते, कॅप्टन. राणीच्या काळातली इंग्लिश आहे ही. तिला म्हणायचंय, आय थिंक..."

"नो. आय सॉ." तिनं शैलेंद्रकडे पाहिलंही नाही. "नो डाउट व्हॉट्सोएव्हर."

कॅप्टन हसला नव्हता. त्यानं चष्मा काढला. "आणि चुकीचं निघालं तर?"

"तर मलाही त्याच विमानात बसवा."

यूनुसला इंग्रजी कळत नव्हतं. शैलेंद्र तिच्या पहिल्या शब्दाला हसला आणि मग ते हसू थांबलं, एवढं मात्र त्याला दिसलं.

"व्हॉल्व्ह बंद होता, तर तेल पाइपच्या सांध्यातून आलं," कॅप्टन म्हणाला. "सांधा उघडा."

उघडला. आतली रबरी वॉशर आरपार चिरलेली निघाली. सांध्यांच्या तपासणीवर सही शैलेंद्रची असायची. कॅप्टननं ती तशीच, तेलानं माखलेली, त्याच्या टेबलावर ठेवली.

बाहेर आल्यावर यूनुसनं विचारलं, "ताई, तो पहिला शब्द कुठला?"

"व्हेरिली. म्हणजे अगदी खरं. जुना आहे. आता कुणी म्हणत नाही."

"मग तुम्ही?"

"बाबा म्हणायचे, डोळ्यांनी बघितल्याशिवाय हा तोंडातून काढायचा नाही." ती हसली. "चाकाला अख्खे लोंबकळला होतात, यूनुसभाई. तेवढं दिसलं मला."

दुपारी दुसरं जहाज लागलं. भरणं संपल्यावर यूनुसनं चाक आवळलं आणि तो निघाला.

"खलास?" डेकवरून कुणीतरी हाक दिली.

यूनुस थांबला. मागे फिरला. दोन्ही हातांनी चाक पुन्हा ओढून पाहिलं. हललं नाही. मग त्यानं तोंडाशी तळवे धरले आणि वाऱ्यावर ओरडला,

"व्हेरिली!"